रूफटॉप टेंटसाठी ट्रेलर उचलताना: आधी तंबू वर, मग ट्रॉली

गळीत हंगाम संपला की आमच्या शेडमधली उसाच्या ट्रॉल्यांची गर्दी ओसरते आणि वेगळी गिऱ्हाइकं यायला लागतात. कराड-पाटण रस्त्याला शेड असल्यामुळे कोयनेकडे, चाफळकडे, सडावाघापूरकडे जाणारे येता-जाता थांबतात. मागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडलेला, गाडीच्या टपावर घडीचा रूफटॉप टेंट. तो टेंट टपावरून काढून ट्रेलरवर बसवायचा असतो, म्हणजे मुक्कामी तंबू तसाच उघडा ठेवून गाडी मोकळी फिरवता येते. कल्पना उत्तम आहे. मागणं मात्र सगळ्यांचं एकच असतं, "मिस्त्री, ट्रेलर उचलून द्या."

उचलून द्या म्हणजे काय, हे आधी फोडून घ्यावं लागतं. त्यात तीन वेगळ्या उंच्या एकत्र झालेल्या असतात. जमिनीपासून चासीपर्यंतची, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंतची उंची, म्हणजे खडकाळ वाटेवर पोट घासू नये म्हणून लागणारी. जमिनीपासून तंबूच्या तळापर्यंतची उंची, म्हणजे शिडी नीट लागावी म्हणून लागणारी. आणि गाडीच्या मागच्या बॉलची, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या गोळ्याची उंची. या तिन्हींना एकाच उपायानं हात घालायला गेलं की ट्रेलर उगाच उंच होतो आणि घाटात त्रास देतो.

पहिल्यांदा टेप घ्या आणि तंबूपासून सुरुवात करा. उघडणाऱ्या तंबूचा निम्मा तळ बाहेर लोंबतो आणि त्याला टेकू शिडीचाच असतो. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, अशी उभी राहिली तर चढायला सोपी आणि भार सरळ जमिनीत जातो. शिडी साडेसहा फुटांच्या आसपास असेल, तर तंबूचा तळ जमिनीपासून सहा-सव्वासहा फुटांवर आला की जुळतं. ट्रेलरच्या पेटीवर तंबू थेट ठेवला तर तळ चार फुटांवर येतो. शिडी आडवी पडते, तंबूखाली लावायची कापडी खोली निम्मी जमिनीवर लोळते, कारण ती जीपच्या टपाच्या उंचीला कापलेली असते. म्हणजे साधारण दोन फूट कमी पडतात. हे दोन फूट कुणी एक्सल आणि टायरमधून काढायला जाऊ नये, ते तिथून निघत नाहीत.

साताऱ्याचं एक कुटुंब आलं होतं. नवरा चासीखाली वाकून बघत होता, वहिनी मात्र पेटीचं मागचं झाकण उघडून उभ्या राहिल्या. त्यांचा स्वयंपाकाचा ओटा त्या पेटीत. झाकण वर उघडतं, आणि वर तंबू आला की ते उघडायला जागा किती राहणार, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मग म्हणाल्या, "दादा, सासूबाई पण येतात आमच्याबरोबर. त्यांना चढता येईल एवढंच उंच करा." आम्ही शेडच्या खांबाला शिडी लावली, सासूबाईंना दोन पायऱ्या चढायला लावल्या, खांबावर खडूनं रेघ मारली. ती रेघ पाच फूट दहा इंचांवर आली. त्या ट्रेलरची सगळी मापं मग त्या एका रेघेवरून खाली काढत आणली. तुम्हीही तसंच करा. झोपणाऱ्यांत ज्याचे गुडघे सगळ्यात कमजोर, त्याच्या सोयीनं उंची ठरवा.

आता हिशोब. समजा सामानासकट ट्रेलर 400 किलो, त्याच्या वजनाचं केंद्र जमिनीपासून 65 सेंमीवर. तंबू 65 किलोचा, पेटीवर 120 सेंमीवर ठेवलेला. दोन्ही मिळून केंद्र येतं 72.7 सेंमीवर. तंबू उभ्या खांबांवर चढवून 190 सेंमीवर नेला, तर केंद्र होतं 82.5. आणि तंबू होता तिथेच ठेवून अख्खा ट्रेलर 10 सेंमी उचलला, तर 82.7. म्हणजे तंबू 70 सेंमी वर नेणं आणि सगळी ट्रॉली फक्त 10 सेंमी उचलणं, दोन्हींची किंमत सारखीच. दोन्ही केलं तर केंद्र 92.5 वर जातं.

हे आकडे घाटात कसे बोलतात तेही बघा. दोन चाकांमधलं अंतर 140 सेंमी धरू. त्याचं अर्धं 70. या 70 ला केंद्राच्या उंचीनं भागा. पहिल्या स्थितीत 0.96 येतात, कुठलीही एक वाढ केली की 0.85, दोन्ही केल्या की 0.76. आकडा जेवढा लहान, तेवढी ट्रॉली वळणावर लवकर कलंडायला बघते. पसरणीचा घाट उतरताना किंवा कुंभार्ली चढताना प्रत्येक वळणावर हा आकडा तुमच्या मागे असतो.

म्हणून माझं मत ठाम आहे. तंबू वर जाऊ दे, पण फक्त मुक्कामावर. रस्त्यावर तो खाली, पेटीला चिकटून. आणि ट्रेलर उचलायचा तो वाट मागेल तेवढाच, तंबूसाठी इंचभरही नाही.

खांब दुर्बिणीसारखे, एकात एक सरकणारे करायचे. बाहेरचा चौकोनी पाइप 50 बाय 50, जाडी 4 मिमी. त्याचं आतलं माप 42 मिमी येतं. आत 40 बाय 40 चा, 3 मिमी जाडीचा. मधे एकूण 2 मिमीची मोकळीक उरते, ती हवीच, नाहीतर रंग आणि धूळ बसली की पाइप अडकतो. दुकानात 50 चा 3 मिमी जाडीचा पाइप स्वस्त मिळतो म्हणून तो घेऊ नका. आतलं माप 44 होतं आणि वर माणसं झोपली की सगळा सांगाडा हलतो. आतल्या पाइपाला नायलॉनच्या पट्ट्या लावल्या तर हालचाल आणखी कमी होते आणि आवाजही येत नाही.

बाहेरचे चार खांब चासीच्या चॅनेलवर उभे करा. पेटीचा पत्रा खांब पेलत नाही, कितीही जाड वाटला तरी. प्रत्येक खांबाच्या पायाशी दोन बाजूंनी त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराच्या पट्ट्या लावा. पूर्ण वर काढल्यावरही आतला पाइप निदान एक फूट आत राहिला पाहिजे. पिन 12 मिमीची, बाहेरून क्लिप असलेली, साखळीनं बांधलेली, म्हणजे गवतात हरवत नाही. वर गेल्यावर दोन बाजूंना तिरके ताण लागतात. टर्नबकल (फिरवून ताण द्यायचा आटा) लावलेली सळई किंवा रॅचेटचे पट्टे, काहीही चालेल, पण फुलीत लावा. चार खांब नुसते पिनांवर उभे असले की कोणी कूस बदलली तरी वरचं सगळं डुलतं. आणि बाहेरच्या प्रत्येक खांबाला अगदी तळाशी 8 मिमीचं भोक ठेवा. पाटण भागातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना याचं कारण सांगायला नको. बंद पाइपात पाणी साठलं की गंज आतून धरतो आणि बाहेर रंग छान दिसत राहतो.

तंबू वर घेताना एक बाजू एक भोक, मग दुसरी बाजू एक भोक, असं पायरीपायरीनं घ्या. एकच बाजू भरभर उचलली तर पाइप तिरके होऊन जाम बसतात. दोन माणसांना जमतं, चौघं असतील तर उत्तम.

आता ट्रेलर उचलण्याचं. आधी ट्रेलरखाली झोपून बघा, एक्सल पाट्यांच्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या वर आहे की खाली. बऱ्याच छोट्या ट्रेलरना पाटे एक्सलच्या खालून बांधलेले असतात, म्हणजे बसकी बांधणी. तसं असेल तर पाटे एक्सलच्या वर आणायचे. 50 मिमीचा एक्सल, 8 मिमीचे चार पाटे आणि पाटा टेकायची 8 मिमीची बैठक मिळून 90 मिमी, म्हणजे साडेतीन इंच उंची मिळते. शिवाय खाली लोंबणारे पाटे आणि प्लेटही दगडांपासून वाचतात. एक्सलची स्वतःची उंची मात्र यानं वाढत नाही. ती फक्त मोठ्या टायरनं वाढते. 155/80 आर 13 चा टायर साधारण 578 मिमी उंच असतो, बोलेरोला येणारा 215/75 आर 15 साधारण 703 मिमी. फरक 125, त्याचं अर्धं म्हणजे अडीच इंच एक्सल वर जातो. ओढणारी गाडी आणि ट्रेलर यांचं चाक एकच ठेवता आलं तर स्टेपनीही एकच पुरते, हा मोठा फायदा. पण दोन्ही उपाय एकदम करू नका. बामणोली, तापोळा, कोयनानगर या बाजूच्या डांबरी आणि खडीच्या रस्त्यांना नुसते पाटे वर आणणं भरपूर आहे.

वेल्डिंगच्या आधी कागदाचं काम. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील बनवणाऱ्यानं मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. मापांचं रेखाचित्र घेऊन तुमच्या आरटीओत आधी विचारा. आमच्याकडे कराडला एमएच 50, साताऱ्याला एमएच 11. आणि ट्रेलर बनवणाऱ्याला फोन करून एक्सलवर वेल्डिंग चालतं का आणि जास्तीत जास्त वजन किती, हे दोन प्रश्न विचारा. रबराचा टॉर्शन एक्सल (पाट्यांऐवजी आत रबर असलेला) असेल तर पाट्यांची ही पद्धत लागूच होत नाही.

काम सपाट कोब्यावर करा. चाकांना ठोकळे, टेकू चासीखाली, एक्सलखाली फक्त जॅक. गॅसचं सिलिंडर पेटीतून काढून लांब ठेवा, बॅटरीची तार सोडा. मग सोडण्याआधीच माप घ्या: कपलरच्या, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या मध्यापासून एक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि तिथूनच उजव्या टोकापर्यंत. दोन्ही मापं एक सुताच्या आत, म्हणजे तीन मिमीच्या आत जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर एक्सल आधीच तिरका बसलाय आणि टायर एका बाजूनं झिजत असणार. हे माप चासीवर खडूनं लिहून ठेवा, शेवटी पुन्हा लागतं.

पुढची गोष्ट एक्सलच्या बाकाची. काही एक्सल मधे किंचित वर उचललेले असतात, म्हणजे वजन आल्यावर चाकं सरळ उभी राहावीत. लांब पट्टी धरली की लगेच कळतं. असा एक्सल उलटा फिरवून बसवायचा नाही. एक्सलची वरची बाजू वरच राहू दे आणि नव्या बैठका त्या वरच्या बाजूला बसवा. फिरवलात तर चाकं खालून बाहेर फाकतात आणि महिन्याभरात टायर जातात.

बैठक आधी नुसती टॅक मारून, म्हणजे ठिपक्याएवढं कच्चं वेल्डिंग करून बसवा. पाटा, यू बोल्ट, चाक सगळं जोडून कपलरपासून एक्सलच्या टोकांपर्यंतचं माप पुन्हा घ्या, बैठका दोन्हीकडे एकाच कोनात आहेत ना ते बघा, मगच पूर्ण वेल्डिंग. वेल्ड एक्सलच्या लांबीच्या दिशेनं घ्या, आडवा घेऊ नका. आडव्या वेल्डच्या कडेला ताण साठतो आणि हादऱ्यांनी तिथूनच तडा जातो. एक्सलच्या खालच्या अंगाला तर वेल्डिंगचा आर्क लावूच नका, कारण भार आला की ताणलं जातं ते खालचं अंग. भरीव एक्सल असेल तर 7018 नंबरचा कोरडा, भट्टीत तापवलेला वेल्डिंग रॉड वापरा, जागा आधी गरम करा आणि नंतर सावकाश गार होऊ द्या. घाईनं पाणी मारलं की पोलाद ठिसूळ होतं.

एक लहान वस्तू बरेच जण विसरतात, ती म्हणजे सेंटर बोल्ट. पाट्यांच्या मधोमध जाणाऱ्या या बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसतं आणि एक्सलला पुढे-मागे सरकू देत नाही. पाटे खाली होते तेव्हा डोकं वर होतं. आता ते खाली हवं. पाटे सी क्लॅम्पमध्ये आवळून धरा, बोल्ट काढा, उलटा घाला. डोकं भोकात पूर्ण बसलंय की नाही ते बोटानं चाचपून बघा. यू बोल्ट नेहमी नवे घ्या. एकदा ताणलेल्या यू बोल्टचे आटे पुन्हा तशी पकड देत नाहीत. आवळताना फुलीत, थोडं थोडं.

चासी साडेतीन इंच वर गेली, गाडीचा बॉल तिथेच राहिला, म्हणजे ट्रेलर आता नाक खाली करून उभा राहणार. काम इथे अर्धवट सोडलं तर ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर वजन वाढतं आणि गाडीचं मागचं अंग बसतं. उलट नाक वर राहिलं तर दांडीवरचं वजन कमी होतं आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. दोन्हींत नाक किंचित खाली असणं बरं, पण लक्ष्य सपाटच ठेवा. कपलर आणि दांडीच्या मधे भोकांची उभी प्लेट टाकली की दोन-तीन उंच्या मिळतात आणि उद्या गाडी बदलली तरी चालतं. वॉशरचे थर किंवा पट्ट्यांचे तुकडे घालून उंची जुळवू नका.

मग दांडीवरचं वजन मोजा. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि सगळं सामान भरलेल्या ट्रेलरचा कपलर नेहमीच्या उंचीवर त्यावर टेकवा. एकूण वजनाच्या साधारण दहावा भाग यायला हवा. 465 किलोच्या ट्रेलरला 45-50 किलो. कमी आलं तर पाण्याचा कॅन आणि बॅटरी एक्सलच्या पुढे घ्या. तुमच्या टो बारवर किती भार चालतो ते त्याच्या प्लेटवर कोरलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका. सुरक्षेच्या दोन साखळ्या कपलरखालून फुलीत न्या, म्हणजे कपलर निसटला तर दांडी साखळ्यांवर अडकते.

ब्रेक आणि दिव्यांच्या वायरी नव्या उंचीला पुरतात का ते चाक पूर्ण लोंबतं सोडून बघा. आणि शेडच्या आवारातच गाडी ट्रेलरशी काटकोनात वळवून बघा. तंबूचा पुढचा कोपरा गाडीच्या मागच्या खांबाला किंवा मागच्या दाराला लागता कामा नये. एक वीत मोकळी हवी. घाटातल्या वळणावर जागा नसते, रिव्हर्स घ्यावा लागतो, तेव्हाच हे लागतं. मागचं दार उघडूनही बघा.

चाचणीला आम्ही वाळूची पोती भरतो, तंबूत झोपणाऱ्यांच्या वजनाएवढी. वर तंबू उघडून पोती लोंबत्या बाजूला ठेवायची आणि चारही कोपऱ्यांचे जॅक खाली सोडून बघायचं. हे जॅक लागतातच. तीन माणसं म्हणजे दोनशे किलो चाकाच्या बाहेरच्या बाजूला गेले तर बराचसा भार शिडीवर येतो, आणि शिडीचा पाय ओल्या लाल मातीत रुतला तर ट्रेलर त्या बाजूला झुकतो. शिडीखाली आणि जॅकखाली फूटभर लांबीच्या फळ्या ठेवा. फळ्या पेटीतच ठेवा, म्हणजे शोधाव्या लागत नाहीत.

रस्त्यावर पहिल्यांदा रिकामा, मग भरून. महामार्गावर वाऱ्यात किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर ट्रेलर डुलायला लागला तर ॲक्सिलेटरवरचा पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीच्या ब्रेकवर जोर देऊ नका. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा.

मुक्काम कुठे करायचा तेही यातच येतं, कारण एवढं उंच लोखंड उघड्या पठारावर उभं करणार आहात. कासच्या पठारावर मुक्काम करायचा नाही, तिथली फुलांची जमीन चाकाखाली घालायची नाही. कोयना आणि चांदोलीच्या जंगलात वन खात्याच्या परवानगीशिवाय थांबू नका. खासगी शेतात मालकाला विचारून थांबा. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे थांबलात तर ट्रेलरचं नाक वाऱ्याकडे ठेवा आणि तंबू एक-दोन भोकं खालीच राहू द्या. वळवाचे ढग दिसले, गडगडाट ऐकू आला, की तंबूतून खाली उतरून सगळ्यांनी गाडीत, काचा लावून बसायचं. ढग लांब आहेत म्हणून वाट बघू नका, पोरांना झोपेतून उठवावं लागलं तरी उठवा.

पहिले शंभर किलोमीटर झाले की यू बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. नव्या बैठकांवर रंग असतो, तो दबतो आणि बोल्ट सैल पडतात. वेल्डच्या कडेला रेड ऑक्साइडचा रंग फुटून बारीक रेघ दिसली तर ती रंगाची आहे की तड्याची, हे ब्रशनं घासून बघा. तडा असेल तर वरून वेल्डचा थर चढवू नका. एक्सल उतरवा आणि ट्रॉल्या बांधणाऱ्या माणसाकडे न्या.